न्यूपोर्टहून मिस्टिकला शिडाच्या होडीने: पुलाच्या वेळेपासून उलटे मोजत या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला तुमची ३१ फुटी शिडाची होडी आहे, ड्राफ्ट (म्हणजे तिला लागणारे पाणी) पाच फूट. सोबत पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी असेल. शीड हाताळायला मुंबईत शिकलात, पण इथे अजून नॅरागान्सेट उपसागराबाहेर गेला नाहीत. शेजारच्या कनेक्टिकटमधल्या मिस्टिकची जुनी जहाजे बघायला होडीने जावे की गाडीने तासाभरात जाऊन यावे? आणि होडीने गेलो तर वाट कशी काढावी, डोलकाठी कुठल्या पुलाला अडेल का?

होडीनेच जा. गेली तेवीस वर्षे मी या किनाऱ्यावर शिडे बांधते आहे आणि मिस्टिकला गाडीनेही अनेकदा गेले आहे. गाडीने गेलात की आधी पार्किंग, मग तिकिटाची खिडकी, आणि त्यानंतर एकेक जहाज संग्रहालयातल्या वस्तूसारखे समोर येते. नदीतून गेलात तर पूल मागे पडल्यावर घरांच्या छपरांवरून आधी डोलकाठ्या दिसतात, मग आडव्या काठ्या, मग दोरखंडांचे जाळे, आणि सगळ्यात शेवटी जहाजाचे काळे अंग. ती जहाजे पाण्यावरून बघण्यासाठीच बांधलेली होती. शिवाय रात्री तुमची होडी त्यांच्याच धक्क्याला बांधलेली असते. पाहुणे गेल्यावर जी शांतता उतरते, ती गाडीने येणाऱ्याला मिळत नाही.

आता वाटेचे बघू. लोक न्यूपोर्टहून निघायची वेळ आधी ठरवतात आणि मग पुढचे हिशेब मांडतात. मी उलटे करते. मिस्टिक गावाच्या मध्यावर रूट १ या रस्त्याचा उचलता पूल आहे. १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात तो सकाळी ७.४० ते संध्याकाळी ६.४० पर्यंत तासातून एकदाच, म्हणजे दर तासाला चाळीस मिनिटांवर उघडतो. ११.४० चुकला की १२.४० पर्यंत अरुंद नदीत, कयाक आणि भाड्याच्या छोट्या बोटींच्या गर्दीत, तुम्ही गोल गोल फिरणार. म्हणून पुलाची वेळ पहिली पक्की करा आणि तिथून मागे मागे या: पुलाआधी रेल्वेचा पूल, त्याआधी नदीचे मुख, त्याआधी फिशर्स आयलंड साउंड (बेट आणि किनारा यांच्यामधली सामुद्रधुनी), त्याआधी वॉच हिल, त्याआधी पॉइंट ज्युडिथ.

एकूण अंतर साधारण ३५ ते ४० समुद्री मैल. तुमच्या होडीला पाच नॉट, म्हणजे तासाला पाच समुद्री मैल, धरले तर सात-आठ तास. एका दमात होते, पण पहिल्या खेपेला आणि मुलगी सोबत असताना मी तसे करणार नाही. आदल्या दुपारी न्यूपोर्टहून निघून पॉइंट ज्युडिथला या. तिथे लाटारोधक भिंतींनी वेढलेले मोठे आश्रयबंदर आहे, तेच 'हार्बर ऑफ रेफ्यूज'. आत नांगर टाकून रात्र काढा. थोडी लाट आत येते, झोप अगदी गाढ लागेल असे नाही, पण पहाटे साधारण एक तृतीयांश वाट मागे पडलेली असते. ब्लॉक आयलंडच्या फेरीबोटी त्याच परिसरातून ये-जा करतात, त्यांच्या वाटेत नांगर टाकू नका.

पहाटेच का, हे नीट समजून घ्या. उन्हाळ्यात या किनाऱ्यावरचा नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, आणि तुम्हाला जायचे पश्चिमेला. म्हणजे वारा जवळपास तोंडावर. सकाळी तो मंद असतो. जमीन तापली की खाऱ्या वाऱ्याची त्यात भर पडते आणि दुपारी दोनपर्यंत चांगला पंधरा-वीस नॉटचा होतो. त्यात भर प्रवाहाची. इथे भरतीचे पाणी पश्चिमेकडे, लाँग आयलंड साउंडमध्ये घुसते आणि ओहोटीचे पूर्वेकडे बाहेर पडते. जाताना तुम्हाला भरती हवी, कारण ती ढकलते. पण दुपारचा जोरदार नैर्ऋत्य वारा आणि समोरून त्याच्यावर चालून जाणारी भरती अशी गाठ पडली, तर लाटा उभ्या आणि आखूड होतात, होडी प्रत्येक लाटेवर आपटते आणि खाली केबिनमधले माणूस हमखास आजारी पडते. उपाय एकच: भरती सकाळची पकडायची, वारा जागा होण्याआधी.

सकाळची भरती हवी तेव्हा मिळते का? कॅलेंडर बघून मिळते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या शनिवारी सकाळी ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला भरती असणार. म्हणून मी तारीख कधीच सुट्टीवरून ठरवत नाही. एकाआड एक शनिवार-रविवार जाण्याजोगे असतात, त्यातला एक निवडते. तुम्हाला असा दिवस हवा की पश्चिमेकडचा प्रवाह सकाळी सात-आठच्या सुमारास सुरू होईल.

हे बघताना एक चूक टाळा. मुंबईत आपण भरती-ओहोटीचे तक्ते बघायला शिकतो, त्यात पाण्याची उंची असते. इथे उंचीचा तक्ता नव्हे, प्रवाहाचा तक्ता बघायचा. नोआ ही अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था दोन्ही स्वतंत्र देते. पाणी चढायचे थांबले म्हणजे प्रवाहही थांबला, असे या साउंडमध्ये होत नाही. 'द रेस' नावाची जी खिंड फिशर्स आयलंडच्या पश्चिमेला आहे, तिचे आकडे या भागाचा संदर्भ म्हणून वापरतात. तिथे प्रवाह चार नॉटच्या घरात जातो आणि पाणी उकळल्यासारखे दिसते. तुमचा मार्ग रेसमधून जात नाही, तेव्हा घाबरू नका, पण वॉच हिलच्या वेळा काढताना तो तक्ता लागेल.

दुसरी गोष्ट मुंबईत शिकलेल्यांसाठी फार महत्त्वाची, आणि ती मी प्रत्येकाला दोनदा सांगते. भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा. अमेरिकेत उलटे: समुद्राकडून आत येताना लाल उजव्या हाताला. डोक्याला हे माहीत असते, पण दमलेल्या अवस्थेत हात जुन्या सवयीने सुकाणू फिरवतो. मी पहिली दोन वर्षे सुकाणूजवळ एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. तुम्हीही ठेवा. फिशर्स आयलंड साउंडमध्ये पश्चिमेकडे जाणे हे 'आत येणे' धरले जाते, त्यामुळे वॉच हिलपासून मिस्टिकच्या धक्क्यापर्यंत लाल उजवीकडेच.

पॉइंट ज्युडिथहून पहाटे सहाला निघा. वॉच हिलपर्यंत सुमारे १६ मैल सरळ किनारा आहे. उजवीकडे ऱ्होड आयलंडचे वाळूचे किनारे, डावीकडे दूरवर ब्लॉक आयलंड. या टप्प्यात विशेष काही नाही. वारा नसेल तर इंजिन लावा, त्यात कमीपणा नाही.

वॉच हिलला मात्र पूर्ण जागे राहायचे. किनाऱ्यापासून फिशर्स आयलंडच्या पूर्व टोकापर्यंत पाण्याखाली खडकांची एक तुटक माळ गेली आहे, वॉच हिल रीफ, शुगर रीफ, कॅटम्ब रॉक्स वगैरे. हिमयुगात हिमनदीने आणून टाकलेले हे दगड. साउंडचे सगळे पाणी त्यांच्या फटींमधून वाहते. वॉच हिल पॅसेज म्हणजे त्यातली किनाऱ्याला लागून असलेली, बोये लावलेली फट. प्रवाह दोन-तीन नॉटचा सहज असतो. तो तुम्हाला तिरका ओढतो, म्हणून फक्त पुढचा बोया बघू नका, मागचाही बघा. दोन्ही बोयांना जोडणारी रेघ मनात धरा, होडी त्या रेघेवर आहे की घसरते आहे हे लगेच कळते. वॉच हिलचे दगडी दीपगृह १८५६ सालचे, उजवीकडे स्पष्ट दिसते. फेब्रुवारी १९०७ मध्ये याच टापूत लार्चमाँट नावाची प्रवासी आगबोट आणि कोळसा वाहणारी हॅरी नोल्टन ही स्कूनर यांची हिवाळ्याच्या रात्री टक्कर झाली. शंभराहून अधिक माणसे गेली, बरीचशी थंडीने. एक वाफेवर चालणारे, एक शिडावर, आणि दोघांनाही एकमेकांचे दिवे दिसले होते. मी तिथून जाताना मुलांना ही गोष्ट सांगते, घाबरवायला नाही, पण दिसणारा दिवा ओळखणे वेगळे आणि त्याची दिशा जोखणे वेगळे, हे त्यांना कळावे म्हणून.

धुक्याबद्दल इथेच सांगते. मेअखेर आणि जूनमध्ये पाणी अजून गार असते आणि नैर्ऋत्येची हवा दमट, उबदार. दोन्ही भेटले की धुके बसते, तेही स्वच्छ सकाळी तासाभरात. एकदा आम्ही पॅसेजच्या तोंडाशी होतो आणि दीपगृह बघता बघता पुसले गेले. शिडाच्या होडीने अशा वेळी दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड भोंगे द्यायचे असतात. आम्ही ते देत होतो आणि उत्तरादाखल जवळून कुठूनतरी तसेच भोंगे येत होते, पण दिशा कळत नव्हती. मी होडी वळवली, किनाऱ्यापासून दूर मोकळ्या खोल पाण्यात गेले आणि अडीच तास तिथेच हळूहळू फिरत राहिले. त्या दिवशी मिस्टिक झाले नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर फटीत शिरू नका. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ धुक्याच्या दृष्टीने बरा, म्हणून मुलीच्या सुट्टीतला ऑगस्ट निवडा.

पॅसेज ओलांडला की पाणी शांत होते, कारण फिशर्स आयलंड दक्षिणेची लाट अडवते. बेट हाताच्या अंतरावर असूनही ते न्यूयॉर्क राज्यात आहे, आणि किनारा कनेक्टिकटचा. समोर लॅटिमर रीफचे दीपगृह दिसेल, पांढऱ्या अंगावर मधोमध तपकिरी पट्टा, १८८४ सालचे. इथून पुढे नजर पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवा. लॉब्स्टरच्या सापळ्यांचे रंगीत तरंगते ठोकळे सगळीकडे असतात आणि त्यांचा दोर पंख्यात अडकला की इंजिन गेलेच. मुलीला नाळेवर बसवा, लाइफ जॅकेट आणि कमरेचा पट्टा लावून, आणि ठोकळे हाताने दाखवायचे काम द्या. तिला पूर्ण वाटेत सगळ्यात जास्त आवडेल ते हेच.

मिस्टिक नदीच्या मुखाशी रॅम आयलंड आहे. त्याच्या उत्तरेकडून जवळचा रस्ता दिसतो आणि स्थानिक होड्या तिथून जाताना दिसतीलही. तुम्ही जाऊ नका. बेटाच्या आणि त्याच्या दक्षिणेच्या खडकाच्या बाहेरून बोयांप्रमाणे वळसा घालून नोअँक गावाकडे या. डाव्या हाताला नोअँक, तिथे मॉर्गन पॉइंटचे १८६८ चे जुने दीपगृह. उजव्या हाताला मेसन्स आयलंड. यांच्यामधून खणून ठेवलेला नदीमार्ग वर जातो, अरुंद आणि वळणावळणाचा. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी तेवढेच रुंद आणि तेवढेच निळे दिसते, पण तिथे खोली दोन-तीन फूट.

या वळणांवर माझी होडी एकदा रुतली आहे. दोन बोयांमधले वळण मी कातरले, वीस-पंचवीस फुटांनी, बस. खाली चिखल असल्याने काही मोडले नाही, होडी उशीत शिरावी तशी थांबली. पण पाणी उतरत होते. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अडीच फूट, ऐकायला क्षुल्लक. पण चढत्या पाण्यात रुतलात तर पाऊण तासात मोकळे होता, उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. आम्ही संध्याकाळपर्यंत कलत्या होडीत बसलो, आणि ज्या पाहुण्यांना जहाजे दाखवायला आणले होते त्यांनी ती दुर्बिणीतूनही पाहिली नाहीत. तेव्हापासून मी या नदीत उतरत्या पाण्यावर नवख्या माणसाला घेऊन शिरत नाही. सकाळच्या भरतीचा हा दुसरा फायदा. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांतला फरक इथे फार जाणवत नाही, त्याची चिंता नको.

सहाला निघून, भरतीची मदत घेऊन, तुम्ही नोअँकला साडेदहाच्या आसपास असाल. घाईने ११.४० गाठायला जाऊ नका. जमला तर ठीक, नाहीतर नोअँकजवळ मोकळ्या जागी थांबून पोटात काही घाला आणि १२.४० चा पूल धरा. दोन्ही पूल व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १३ वर बोलतात. आधी लागतो रेल्वेचा फिरता पूल. न्यूयॉर्क ते बॉस्टन धावणाऱ्या अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या त्यावरून जातात, त्यामुळे तो गाडी नसेल तेव्हाच उघडतो. चाळीसच्या उचलत्या पुलासाठी तुम्ही वीस मिनिटांच्या सुमारास रेल्वेच्या पुलाशी असायला हवे. रेडिओवर होडीचे नाव, शिडाची होडी, वर जायचे आहे, एवढे शांतपणे सांगा. रेडिओ चालत नसेल तर एक लांब, एक आखूड भोंगा. शिडे त्याआधीच पूर्ण उतरवून बांधलेली असू द्या, पुलाशी इंजिनावरच यायचे. डोलकाठीच्या उंचीबद्दल विचारले होते: न्यूपोर्टपासून धक्क्यापर्यंत उघडत नाही असा एकही पूल तुमच्या वाटेत नाही. पलीकडे, नदीच्या आणखी वर, महामार्गाचा कायमचा पूल आहे, तिथवर तुम्ही जाणारच नाही.

उचलता पूल स्वतः बघण्यासारखा आहे. १९२२ साली वाहतुकीला खुला झाला. त्याची यंत्रे लपवलेली नाहीत, दात असलेली मोठाली चाके डोळ्यांसमोर फिरतात आणि प्रत्येकी २३० टनांचे काँक्रीटचे दोन तोल रस्त्याच्या वरून खाली येतात. ते खाली येतात तसा रस्ता वर जातो. काठावर लोक आइस्क्रीम खात तुमच्याकडे बघत असतात. बघू द्या. तुम्ही फक्त समोर बघा, कारण तेवढ्यात वरून येणारी होडीही त्याच फटीत शिरते. पाण्याबरोबर येणाऱ्या होडीला थांबणे कठीण असते, म्हणून तिला आधी जाऊ देण्याचा रिवाज आहे.

पूल मागे पडला की अर्ध्या मैलावर मिस्टिक सीपोर्ट. १९२९ साली स्थापन झालेले हे संग्रहालय. बाहेरून येणाऱ्या होड्यांसाठी त्यांचे धक्के आहेत, जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि धक्क्याच्या भाड्यात संग्रहालयाचा प्रवेश धरलेला असतो. ऑगस्टमधला शनिवार हवा असेल तर वसंत ऋतूतच विचारा. होडीच्या शौचालयाची टाकी बंद ठेवा. कनेक्टिकटच्या सगळ्या किनाऱ्यावर ती समुद्रात रिकामी करायला बंदी आहे.

गावाबद्दल थोडे. मिस्टिक हे शासकीयदृष्ट्या स्वतंत्र शहर नाही, नदीचा पश्चिम काठ ग्रॉटनमध्ये येतो आणि पूर्व काठ स्टोनिंग्टनमध्ये. नाव पीकॉट या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतले, भरतीची मोठी नदी अशा अर्थाचे. याच परिसरात मे १६३७ मध्ये इंग्रजांनी पीकॉटांच्या तटबंदीच्या वस्तीला आग लावली आणि शेकडो माणसे मारली, त्यात बायका-मुलेच जास्त. आजच्या सुंदर पांढऱ्या घरांच्या रांगेत हे कुठे दिसत नाही, म्हणून सांगून ठेवते. पुढे १७८४ ते १९१९ या काळात या एवढ्याशा नदीकाठी ६०० हून अधिक जहाजे बांधली गेली. अँड्र्यू जॅक्सन हे इथले क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचे जहाज, १८५९-६० मध्ये न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या तोंडाशी पोचले. गलिना हे यादवी युद्धातले लोखंडी पत्र्याने मढवलेले जहाजही १८६२ मध्ये इथेच पाण्यात उतरले. आज संग्रहालय उभे आहे ती जागा ग्रीनमन बंधूंच्या गोदीची.

धक्क्यावर दोन जहाजे शांतपणे, एकामागून एक बघा. पहिले चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन. २१ जुलै १८४१ रोजी न्यू बेडफर्डला पाण्यात उतरले, ८० वर्षांत देवमाशांच्या शिकारीच्या ३७ सफरी केल्या, आणि जगात उरलेले हे एकमेव लाकडी व्हेलशिकारी जहाज. नंतर बरीच वर्षे ते एका श्रीमंत माणसाच्या जागेत वाळूत रोवून ठेवले होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते मिस्टिकला आणले, तेही तुम्ही येणार त्याच नदीतून आणि त्याच पुलातून. दुसरे जोसेफ कॉनराड, १८८२ मध्ये कोपनहेगनला बांधलेले लोखंडी जहाज, मूळ नाव गेऑर्ग स्टागे. खलाशी होऊ घातलेल्या मुलांना शिकवण्यासाठी बांधले होते. १९०५ मध्ये एका मालवाहू आगबोटीने त्याला धडक दिली आणि २२ मुले बुडाली. ते पाण्याबाहेर काढून पुन्हा शिकवायला लागले. १९३४ ते ३६ मध्ये अ‍ॅलन व्हिलियर्स यांनी त्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांनीच आजचे नाव दिले.

दोन्हींना तीन डोलकाठ्या आहेत, तेव्हा मुलीला विचारा, फरक कुठे? तिसऱ्या डोलकाठीकडे बघायला सांगा. डोलकाठीवर शीड टांगायची जी आडवी काठी, जिला आपले कोकणातले खलाशी परबाण म्हणतात, ती कॉनराडवर तिन्ही डोलकाठ्यांवर आहे. तिन्हींवर चौकोनी शिडे, म्हणून ते पूर्ण 'शिप'. मॉर्गनवर पहिल्या दोनच डोलकाठ्यांवर परबाणे, शेवटची डोलकाठी लांबीच्या दिशेने लागणाऱ्या शिडाची. ते 'बार्क'. शेवटची चौकोनी शिडे काढली की कमी माणसांत जहाज चालते, आणि व्हेलशिकारीत निम्मी माणसे छोट्या नावांतून बाहेर गेलेली असताना मूठभरांनाच जहाज सांभाळावे लागे. इतिहासाची पाटी न वाचता हे डोलकाठीकडे बघून कळते, हे मला आजही फार आवडते. पलीकडे १९२१ ची एल. ए. डंटन ही मासेमारीची स्कूनर आहे, तिच्यावर परबाण एकही नाही. इंजिनाशिवाय बांधलेल्या शेवटच्या मोठ्या मच्छीमार स्कूनरांपैकी ती एक.

मॉर्गनवर आत जाताना डोके सांभाळा, चरबी साठवायच्या मजल्यावर ताठ उभे राहता येत नाही. डेकवर देवमाशांची चरबी वितळवायची विटांची भट्टी आहे. लाकडी जहाजावर धगधगती भट्टी कशी, असा प्रश्न मुलगी विचारेल. भट्टीखाली पाण्याने भरलेला हौद असे, तो खालचे लाकूड जळू देत नसे. कप्तानाच्या खोलीत एक झुलता पलंग आहे, जहाज कलले तरी तो सपाट राहतो. १८६० च्या दशकात कप्तान लँडर्स यांच्या पत्नी लिडिया सफरीवर होत्या, त्यांच्यासाठी तो बसवला. या जहाजावर उभे राहताना मला नुसता आनंद होत नाही. त्या भट्टीत काय काय वितळले, ते विसरता येत नाही. म्हणून २०१४ ची गोष्ट नक्की सांगा. २००८ पासून पाच वर्षे जहाज इथल्याच गोदीत काढून दुरुस्त केले. बॉस्टनच्या जुन्या नौदल गोदीच्या जागेत खोदकामात सापडलेले ओकचे ओंडकेही त्यात वापरले. २१ जुलै २०१३ ला, म्हणजे पहिल्यांदा उतरले त्याच तारखेला, ते पुन्हा पाण्यात आले. पुढच्या उन्हाळ्यात ते ३८ व्या सफरीवर गेले, स्टेलवॅगन बँक या समुद्रातल्या उथळ पट्ट्यावर देवमासे बघायला, भाला न घेता. आणि बघण्यासारखी गोष्ट ही की, नदीची खोली कमी म्हणून तळातले वजन पूर्ण न भरताच ते आधी न्यू लंडनला नेले, उरलेले वजन तिथे चढवले. ज्या चिखलाने माझी होडी धरली, त्या चिखलाचा हिशेब मॉर्गनलाही करावा लागला.

न्यू लंडनवरून आठवले. तिथे अमेरिकी तटरक्षक दलाचे ईगल हे प्रशिक्षण जहाज असते, १९३६ मध्ये हँबर्गला बांधलेले, २९५ फुटी बार्क. त्याला १६ फूट पाणी लागते, ते मिस्टिकला वर येऊ शकत नाही. पण उन्हाळ्यात साउंडमध्ये कधी दिसले, तर तुमचा बेत थोडा मोडला तरी चालेल, शिडे सोडलेली असताना त्याच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूने, पुरेसे अंतर राखून बघा. उभ्या जहाजावर डोलकाठ्या मोजता येतात, वारा भरलेल्या शिडांचा आवाज तिथेच ऐकू येतो.

संध्याकाळी पाहुणे गेले की मुलीला घेऊन धक्क्यावर एक फेरी मारा. ओहोटीचे पाणी जहाजांच्या दोरांवर ताण देते आणि लाकूड कुरकुरते. दिवसा गर्दीत हा आवाज ऐकू येत नाही.

परतीचे सोपे आहे, फक्त पहाटेचा मोह टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला निघालात तर साउंडमध्ये पुन्हा भरती तोंडावर मिळेल. सकाळ गोदीत घालवा, तिथे कुठले ना कुठले जहाज दुरुस्तीला असतेच. प्लिमथची मेफ्लॉवर २, जुन्या मेफ्लॉवर जहाजाची प्रतिकृती, इथेच दुरुस्त होऊन नवी झाली. दुपारी १२.४० किंवा १.४० च्या पुलाने निघा. वॉच हिलला पोचेपर्यंत प्रवाह पूर्वेकडे वळू लागलेला असेल आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीशी. काल वारा तोंडावर होता, आज वारा आणि प्रवाह दोघेही ढकलतात, आणि दोघे एकाच दिशेने असल्याने समुद्रही काल दुपारी असता त्याच्या निम्म्यानेही उसळत नाही. दुपारी पश्चिमेला काळे ढग चढताना दिसले तर मात्र नदीतच थांबा, ऑगस्टची वादळे पटकन येतात. नाहीतर संध्याकाळी सहापर्यंत पॉइंट ज्युडिथ. दम असेल तर उजेडात न्यूपोर्ट, नसेल तर पुन्हा त्याच आश्रयबंदरात नांगर.

ऑगस्टमधले दोन शनिवार निवडून इथेच लिहा. त्या दिवशींच्या प्रवाहाच्या वेळा लावून कोणत्या पुलाला पोचाल ते मी काढून देईन.